थरथरणाऱ्या पिकअपचे धडे

ब्रह्मपुरीच्या राइस मिलवर धानाचे कट्टे आणणाऱ्या पिकअप बहुतेक जुन्याच. पहिल्या गिअरात उचलताना गाडी थरथरली की उत्तर ठरलेले : "क्लच प्लेट गेली." नेहमी तसे नसते. जुनी पिकअप सांभाळताना कळत गेले ते असे :

१. गाडी कधी थरथरते ते बघा. क्लच सोडताना थरथरली तर संशय क्लचवर नाहीतर माउंटिंगवर. ठरावीक वेगाला थरथर आली तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि चाके तपासा. फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर ड्रम किंवा डिस्क. मिस्त्रीला "गाडी थरथरते" एवढेच सांगितले तर तो अंदाजाने पार्ट बदलतो, बिल मात्र आपले.

२. स्वस्तातले आधी तपासा. इंजिन आणि गिअरबॉक्सखालची रबरी माउंटिंग ओझ्याने, खड्ड्यांनी फाटतात. क्लच सोडताना इंजिन जागेवरून उसळत असेल तर तीच आधी बदला. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

३. तेल कुठून येते ते शोधा. क्रँकच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल झिरपले की प्लेट तेलकट होते. घसरते, धरते, पुन्हा घसरते, म्हणून गाडी थरथरते. सील तेच ठेवून नवी प्लेट टाकली तर तीही जाते.

४. गिअरबॉक्स उतरवलाच तर काम पुरे करा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे. फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले तर ते खूप तापलेले असते. कंपनीच्या मापात बसत असेल तर लेथवर फेसिंग करा, नाहीतर नवे टाका. हे टाळले की मजुरी दोनदा जाते.

५. डावा पाय आवरा. धानाच्या बांदीतल्या चिखलात हाफ क्लचवर गाडी रेटली, चढावर क्लचवरच धरून ठेवली, की प्लेट जळते. क्षमतेपेक्षा जास्त कट्टे भरले तर आणखी लवकर. पेडलचा फ्री प्ले मापापेक्षा कमी असेल तर गाडी कायम अर्ध्या क्लचवरच चालते.

६. पाण्यातून निघालेली गाडी तशीच उभी करू नका. ऑगस्ट २०२० मध्ये गोसेखुर्द धरणाचे पाणी सोडल्यावर वैनगंगेचा पूर ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत शिरला होता. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीचे फ्लायव्हील गंजते आणि प्लेट त्याला चिकटते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, ताबडतोब बदला.

७. ऑटोमॅटिक असेल तर आधी ऑइल बघा. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा पिकअप ऑटोमॅटिकमध्येही येतात. त्यात क्लच पेडल नसते. पण टॉर्क कन्व्हर्टरच्या आत लॉक-अप क्लच असतो. ऑइल जुने झाले किंवा चुकीच्या ग्रेडचे भरले, की एकसारख्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी थरथरते. वेळीच कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल भरले तर पुष्कळदा तेवढ्यावर भागते. लॉक-अप क्लचच झिजला असेल तर मात्र नवे ऑइल कामाचे नाही.

थरथर हा रोग नव्हे, लक्षण आहे. कारण तसेच ठेवून पार्ट बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. आणि गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर धान निघण्याआधी उतरवा. मळणी सुरू झाली की ना मिस्त्रीला सवड असते, ना गाडीला.