गॅसची शेगडी : निवड आणि वापर

बेंगळुरूचे पीण्या औद्योगिक क्षेत्र लहान-मोठ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोचे एक कार्यालयही तेथे आहे. शेगडीवरील ‘आयएसआय’ चिन्ह याच संस्थेच्या परवान्याने मिळते. शेगडी घेताना आधी हे चिन्ह पाहावे, मग किंमत विचारावी.

मात्र उत्तम शेगडीही निष्काळजीपणापुढे निरुपायी ठरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. कामगारवस्तीतील एका खोलीत स्वयंपाक आणि झोपणे दोन्ही होत असेल, तर हा धोका थेट अंथरुणापर्यंत पोहोचतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा ठेवावा, शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी आणि निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा. ज्योत पिवळी दिसू लागली, भांडी काळवंडू लागली, की बर्नर स्वच्छ करावा.

मूळ गॅसला जवळजवळ वास नसतो. आपण सावध व्हावे म्हणूनच त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तो वास येताच विजेचे बटण चालू करू नये, बंदही करू नये. ठिणगीने भडका उडू शकतो. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.