संगणकीय नोंदवहीतील मराठी वर्णक्रम

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या दाट वस्तीच्या उपनगरांत नागरिकाचे नाव शासकीय यादीत असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर सापडणेही महत्त्वाचे असते. यादीत असूनही न सापडलेले नाव नागरिकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच होय. म्हणूनच रिलेशनल डेटाबेसमध्ये मराठी नावांचे तक्ते आखताना वर्णसंच आणि वर्णक्रम यांचा विचार आरंभीच करावयास हवा.

वर्णसंच

संगणक अक्षर साठवीत नाही. त्याचा संकेतक्रमांक साठवितो. पूर्वी हे क्रमांक टंकागणिक बदलत, त्यामुळे एका कार्यालयाची यादी दुसऱ्या कार्यालयात वाचता येत नसे. भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे काम अंधेरी तालुक्यातच, जुहू येथे १९८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातही झाले. १९९१ साली ‘इस्की’ हा भारतीय संकेत प्रमाणित झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतास ३ बाइट लागतात. ‘क्षीरसागर’ या नावात डोळ्यांना ५ अक्षरे दिसतात. पण त्यात ९ संकेत असून त्यांना २७ बाइट लागतात. रकाना २० बाइटांचा ठेवल्यास हे नाव पूर्ण मावणार नाही.

वर्णक्रम

युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे केवळ संकेतक्रमांकानुसार रचना केल्यास ‘काळे’ हे नाव ‘कावळे’च्या आधी येते, तर ‘क्षीरसागर’ हे ‘कोळी’ आणि ‘खरात’ यांच्या मध्ये जाऊन बसते. मराठी वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ यांचे स्थान ‘ह’नंतर आहे. तक्ता तयार करतानाच नावाच्या रकान्यास मराठी वर्णक्रम नेमून द्यावा. शोधासाठीची निर्देशसूची याच क्रमावर उभी असते. क्रम मागाहून बदलल्यास ती पुन्हा बांधावी लागते.

सारखी दिसणारी नावे

‘गोऱ्हे’ या नावातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसली, तरी संकेत भिन्न असल्याने शोध फसतो किंवा एकाच व्यक्तीची दुबार नोंद होते. यास्तव नोंद स्वीकारतानाच सर्व रूपे एका ठरलेल्या रूपात आणणे इष्ट ठरते.

ग्रामपंचायतीची कर आकारणी असो वा शाळेचा पट, नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी काळे, कावळे, क्षीरसागर आणि गोऱ्हे ही चार नावे त्यात भरून पाहावीत. ती योग्य क्रमाने लागली व प्रत्येक शोधात सापडली, तरच ती नोंदवही मराठी माणसाच्या उपयोगाची झाली असे म्हणता येईल.