भव्य म्हणजे किती?

चि. मुक्ता हिस,


येत्या शनिवारी तुमच्या कचेरीतली मंडळी दृष्टिहीन पाहुण्यांना शनिवारवाड्यात नेणार असल्याचं कळलं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ मात्र त्यात रुपयांनी मोजला जात नाही. तो ज्याचा त्याने आपखुशीने द्यायचा.

अशा भेटीत पहिली चूक बहुधा फाटकातच होते. उत्साही स्वयंसेवक पाहुण्याचा दंड धरतो आणि त्याला पुढे ढकलत नेतो. खरी रीत उलटी. पाहुणा स्वयंसेवकाचं कोपर धरतो, स्वयंसेवक अर्धं पाऊल पुढे चालतो. वळण आलं की ते हातालाच कळतं. पायरीपाशी थांबून ती चढायची की उतरायची हे सांगावं. बसताना पाहुण्याचा हात बाकाच्या पाठीवर टेकवून द्यावा, खांदे दाबून बसवू नये. पांढरी काठी ज्याची त्याच्याच हातात राहते. आणि पाणी आणायला जायचं तर सांगून जावं. नाहीतर मागे माणूस हवेशी बोलत राहतो.

बोलण्याची तऱ्हा निराळीच. तुझ्या काकाने एकदा वाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी ‘भव्य, भव्य’ असा धोशा लावला होता. सोबतचे गृहस्थ टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. शांतपणे म्हणाले, “भव्य म्हणजे किती?”

काका गप्प.

उत्तर समोरच होतं. अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर फूटभर लांबीचे टोकदार खिळे, एकेका दारावर ७२. वाड्यातलं हजारी कारंजं म्हणजे सोळा पाकळ्यांचं कमळ. त्याचा आकार पाहुण्याच्या तळहातावर बोटाने काढता येतो, अर्थात आधी विचारून. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा कशाला हात लावू देतील याची चौकशी आदल्या दिवशीच झालेली बरी. रंगही सांगावेत. नजर चाळिशीत गेलेल्याला ते आठवत असतात.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत लाकूडकाम गेलं. उरले तट, दरवाजे आणि दगडी जोती. म्हणजे आतला वाडा डोळसांनाही दिसत नाही. जोत्यांवरून तो मनातच उभारावा लागतो, आणि त्या कामात स्वयंसेवक पाहुण्याच्या पुढे असतोच असं नाही. त्या दिवशी ऑपरेटर गृहस्थांनी एका जोत्याची लांबी पावलांनी मोजली आणि तिथे खांब किती बसतील याचा हिशेब मांडला. काका आकडा टिपायचा विसरला.

शनिवारी कुणी मोजलं तर तेवढं कळव.

तुझा,
काका