मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच : खर्च-लाभ विश्लेषणाचा एक पाठ

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रह प्रयोगांतर्गत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले. त्या काळी संच एक व प्रेक्षक अनेक अशी स्थिती होती. आज पडद्याचा आकार वाढत आहे आणि त्यापुढील प्रेक्षकांची संख्या मात्र घटून कुटुंबापुरती, क्वचित एका व्यक्तीपुरती उरली आहे. या बदलाचे आर्थिक मूल्यमापन कसे करावे? खर्च-लाभ विश्लेषण हा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातील महत्त्वाचा घटक आहे. धरणे व महामार्ग ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. तथापि, घरातील एका वस्तूच्या आधारे ही पद्धत अधिक स्पष्टपणे समजू शकते.

लाभ : घटती सीमांत उपयोगिता

पडद्याचा आकार कर्णाच्या लांबीने मोजला जातो. त्यामुळे ३२ इंचांवरून ५५ इंचांवर गेल्यास लांबी पावणेदोन पटींच्या आसपास वाढते. क्षेत्रफळ मात्र जवळपास तिप्पट होते. प्रेक्षकाला मिळणारे समाधान त्याच प्रमाणात वाढते काय? येथे घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत लागू पडतो.

स्पष्टतेच्या बाबतीत ही मर्यादा मोजता येते. 'फुल एचडी' पडद्यावर सुमारे २१ लाख, तर 'फोर-के' पडद्यावर सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात. परंतु मानवी डोळ्याच्या सूक्ष्मभेद ओळखण्याच्या क्षमतेला सीमा आहे. ५५ इंची फुल एचडी पडद्यावरील चित्रबिंदू सामान्य दृष्टीच्या व्यक्तीला सुमारे सव्वादोन मीटरपेक्षा अधिक अंतरावरून वेगवेगळे दिसत नाहीत. म्हणजेच तीन मीटर अंतरावर बसणाऱ्या कुटुंबाला चौपट चित्रबिंदूंचा लाभ अल्पच मिळतो. रंगसंगती किंवा प्रखरता यांतील सुधारणा हा स्वतंत्र लाभ होय व त्याची गणना स्वतंत्रपणे करावी. शिवाय संच व कार्यक्रम या परस्परपूरक वस्तू आहेत. प्रसारणच उच्च प्रतीचे नसेल, तर पडद्याची क्षमता वापराविना पडून राहते.

खर्च : किमतीच्या पलीकडे

विक्रीची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला भाग असतो. पुढील आकडे उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत. ३२ इंची संचाची किंमत १२,००० रुपये व वीजवापर ५० वॅट. ५५ इंची संचाची किंमत ४०,००० रुपये व वीजवापर १२० वॅट. दैनंदिन वापर ५ तास, विजेचा दर प्रति युनिट ८ रुपये, आयुर्मान ७ वर्षे आणि वटाव दर ८ टक्के मानू.

लहान संचास वर्षाला सुमारे ९१ युनिट, म्हणजे ७३० रुपयांची वीज लागेल. मोठ्या संचास २१९ युनिट, म्हणजे १,७५२ रुपयांची. सात वर्षांच्या वीजखर्चाचे वर्तमान मूल्य किमतीत मिळविल्यास लहान संचाचा एकूण खर्च सुमारे १५,८०० रुपये, तर मोठ्याचा सुमारे ४९,१०० रुपये येतो. हा फरक सात वर्षांवर समान वार्षिक हप्त्यांत विभागल्यास तो वर्षाला ६,४०० रुपये होतो. कुटुंबापुढील खरा प्रश्न असा मांडावयास हवा : मोठ्या पडद्यामुळे मिळणारे जादा समाधान वर्षाला ६,४०० रुपयांच्या मोलाचे आहे काय? तेवढ्याच रकमेतून होऊ शकणारे दुसरे सर्वोत्तम काम, उदाहरणार्थ मुलांची पुस्तके किंवा आरोग्य विम्याचा हप्ता, हा या निर्णयाचा संधी-खर्च होय.

तासांच्या हिशेबाने पाहिल्यास हा जादा खर्च दर तासाला साडेतीन रुपयांच्या जवळपास पडतो. वापर दोन तासांवर आल्यास तो सुमारे आठ रुपये होतो. कारण स्पष्ट आहे : स्थिर खर्च कमी तासांवर विभागला जातो.

हप्त्यांवरील खरेदीतही विद्यार्थ्यांनी सावध असावे. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज अन्य रूपात आकारले जाते, या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना अशा योजनांपासून परावृत्त केले होते. रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सवलत सोडून द्यावी लागत असेल, तर ती सवलत हेच व्याज समजावे.

तंत्रज्ञान कालबाह्य होण्याची जोखीम

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या पडद्यांच्या बाजारात 'प्लाझ्मा' तंत्रज्ञानाला मानाचे स्थान होते. 'एलसीडी' पडद्यांचे आकार वाढत व किमती उतरत गेल्या आणि प्लाझ्मा मागे पडले. पॅनासॉनिक कंपनीने २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. २०१४ मध्ये सॅमसंग व एलजी यांनीही तोच मार्ग स्वीकारला. किमती वेगाने उतरत असताना प्रतीक्षेलाही आर्थिक मूल्य असते, हा यातील बोध होय. त्याचप्रमाणे जुन्या संचावर झालेला खर्च हा बुडीत खर्च असल्याने नव्या निर्णयात त्याचा विचार करू नये.

खासगी खर्च आणि सामाजिक खर्च

वीज देयकात न दिसणारे परिणामही विचारात घ्यावे लागतात. आपल्या देशातील वीजनिर्मितीतून सरासरीने प्रति युनिट सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. वरील उदाहरणातील जादा १२८ युनिटांमुळे वर्षाला सुमारे ९० किलोंची भर पडते. म्हणजे अधिक वापराने कुटुंबाचा तासागणिक खर्च घटतो, तर समाजावरील एकूण भार वाढतो. खासगी व सामाजिक हिशेबांतील हीच तफावत बाह्यतेच्या संकल्पनेचे मर्म आहे.

टाकून दिलेल्या संचांचा प्रश्नही गंभीर आहे. जुन्या चित्रनलिकांच्या काचेत शिसे, तर सुरुवातीच्या एलसीडी संचांच्या दिव्यांत पारा असे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २००६ मध्ये सुरू झालेली तारांकन योजना ग्राहकास वीजवापराची माहिती देते आणि माहितीतील विषमता कमी करते.

करआकारणीचाही येथे विचार करावा. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के व त्याहून मोठ्या संचांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरील करही १८ टक्के करण्यात आला. सामाजिक हिशेबात कर हे केवळ हस्तांतरण असते. तो साधनसामग्रीचा खर्च नव्हे. बाह्यता दूर करणे हा हेतू असेल, तर कर आकारमानाशी नव्हे, वीजवापर व कचरा यांच्याशी निगडित असणे तर्कसंगत ठरेल.

सार्वजनिक खरेदी : शाळेतील पडदा

घरातील चुकीच्या निवडीचा भार एका कुटुंबावर पडतो. सार्वजनिक खरेदीतील चुकीचा भार विद्यार्थ्यांना सोसावा लागतो. समजा, एका शाळेने १,५०,००० रुपयांचा परस्परसंवादी पडदा घेतला. आयुर्मान, वटाव दर व विजेचा दर पूर्वीचेच, वीजवापर २५० वॅट आणि देखभाल वर्षाला ४,००० रुपये धरू. ३५ विद्यार्थ्यांच्या वर्गात २०० दिवस रोज ३ तास वापर झाल्यास प्रति विद्यार्थी-तास खर्च सुमारे १ रुपया ६० पैसे येतो. वीजपुरवठा खंडित होणे, शिक्षकांचे प्रशिक्षण नसणे किंवा दुरुस्ती रखडणे यांमुळे वापर रोज अर्ध्या तासावर आला, तर तोच खर्च सुमारे ९ रुपये ४० पैसे होतो. पडदा तोच, किंमतही तीच. बदलली ती केवळ त्याच्या उपयोगाची व्यवस्था. म्हणून अंदाजपत्रकात संचाच्या किमतीसोबत प्रशिक्षण, देखभाल व वीज यांची तरतूद होणे अत्यावश्यक आहे. तशी तरतूद नसेल, तर तीच रक्कम ग्रंथालयासाठी वापरणे अधिक लाभदायक ठरू शकते.

सारांश, मोठा पडदा उधळपट्टी आहे की गुंतवणूक, हे त्याच्या आकारावरून ठरत नाही. तो किती तास, किती जणांच्या उपयोगी पडतो आणि त्याचा भार कोण उचलतो, यावर ते अवलंबून असते. उत्तर लिहिताना पर्यायांची निश्चिती, खर्च व लाभांची यादी, वर्तमान मूल्याची गणना, बाह्यतांचा समावेश आणि लाभाच्या वाटपाचा विचार हा क्रम पाळावा. गृहीतके बदलल्यास निष्कर्ष बदलतो काय, हेही अखेरीस तपासून पाहावे.

सरावासाठी प्रश्न

१. खासगी व सामाजिक खर्च यांतील फरक टिकाऊ उपभोग्य वस्तूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. सामाजिक खर्च-लाभ विश्लेषणात करांना हस्तांतरण का मानले जाते?

३. वरील कौटुंबिक उदाहरणात संचाचे आयुर्मान ७ ऐवजी ४ वर्षे धरल्यास वार्षिक जादा खर्च किती होईल? निष्कर्षावर त्याचा काय परिणाम होईल?