अंतरपाट धरण्याआधी

भाचरांनो, पूर्वी लग्न ठरलं की घरात आधी पंचांग उघडायचं. आता अमेरिकेतली तुम्ही मुलं आधी नकाशा उघडता. माउईचा किनारा, कोलोरॅडोचे डोंगर, नापाचे द्राक्षमळे, सेडोनाचे तांबडे खडक. मला त्यात गैर काहीच वाटत नाही. मुलगी न्यू जर्सीत वाढलेली, मुलगा सिएटलला नोकरीला, आजीआजोबा पुण्यात, मित्रमैत्रिणी चार राज्यांत. अशा लग्नाला दोन्हीकडच्यांचं गाव कुठून आणायचं? सगळ्यांना प्रवास करायचाच आहे, तर तो सुंदर जागी व्हावा.

पण दूरच्या जागी लग्न करताना ऐन वेळी धावून यायला मंडळातल्या काकू नसतात, ओळखीचा केटरर नसतो आणि विसरलेली वस्तू आणायला घर जवळ नसतं. म्हणून नात्यातल्या लग्नांची तयारी करताना जे शिकले, ते सांगते. त्याचं सार एवढंच आहे: जागा निवडताना घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस डोळ्यांपुढे ठेवा, आणि फोटोग्राफर निवडताना अंतरपाट.

आधी माणसं, मग देखावा

हॉटेलं बघण्याआधी एक छोटी यादी करा. ज्यांच्याशिवाय लग्न होऊच नये, अशी माणसं त्यात लिहा. मग प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी: व्हिसा आहे का, प्रवास किती झेपेल, पायऱ्या किती चढवतील. भारतातून येणाऱ्यांना भेटीचा व्हिसा लागतो आणि मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी कित्येक महिने जातात. त्यामुळे तारीख पक्की करायच्या आधी व्हिसाच्या कामाला लागा.

डोंगर फोटोत फार देखणे दिसतात. पण डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि ब्रेकेनरिज साधारण ९,६०० फुटांवर. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या माणसाला तिथे नेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि नेलंच तर एकदोन दिवस आधी पोचवून विश्रांती घेऊ द्या. समुद्रकिनारा ठरवलात तर चाकांची खुर्ची वाळूत जात नाही, हे ध्यानात ठेवा. मांडवापर्यंत फळ्यांची वाट करून मिळेल का, ते आधीच विचारा.

ऋतूही बघा. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. फ्लोरिडात त्या काळात लग्न असेल, तर वादळ आल्यास पैशांचं काय होणार हे करारात लिहून घ्या. फिनिक्सला जूनमध्ये दुपारी उघड्यावर मांडव घालणं म्हणजे शालूतल्या नवरीचे आणि सोवळ्यातल्या गुरुजींचे हाल.

मेक्सिकोतल्या कानकूनचाही विचार होतो. तिथे जायच्या आधी नवरानवरी आणि जवळचे पाहुणे कोणत्या व्हिसावर आहेत, ते बघा. एच-१बीचा पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर परत येण्याचा प्रश्न इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच तिकीट काढा. आणि बरीच जोडपी करतात तसं कायदेशीर लग्न अमेरिकेत आधी उरकून घ्या.

मुहूर्त आणि सूर्य

भारतातल्या पंचांगातली वेळ उचलून इथल्या घड्याळाला जोडू नका. लग्न जिथे आहे तिथल्या सूर्योदय-सूर्यास्तावरून गुरुजींकडून वेळ काढून घ्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. हवाईत आणि ॲरिझोनाच्या बहुतेक भागात ती बदलतच नाहीत. पाहुण्यांना वेळ कळवताना गावाचं नाव घालून कळवा.

आपल्याकडचा गोरज मुहूर्त इथे फार उपयोगी पडतो. सूर्य मावळतानाचा तो मऊ, सोनेरी उजेड फोटोग्राफरांनाही हवाच असतो. मात्र जूनच्या शेवटी सिएटलला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि होनोलुलूला सव्वासातच्या सुमारास. तेव्हा ‘संध्याकाळी’ एवढंच लिहून भागत नाही. त्या तारखेचा सूर्यास्त बघून त्याभोवती दिवस आखा आणि जेवणाची वेळही त्याच हिशेबाने ठेवा.

कायद्याचं लग्न वेगळं लिहून ठेवा

सप्तपदी झाली की आपल्या मनाने लग्न लागलं. सरकारच्या लेखी मात्र परवाना लागतो आणि त्याचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सस आणि न्यू जर्सीत साधारण ७२ तास थांबावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये २४ तास. लास व्हेगासचं विवाह परवान्याचं कार्यालय रोज सकाळी आठपासून मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं आणि तिथे थांबावं लागत नाही. कॅलिफोर्नियाचा परवाना ९० दिवस चालतो, हवाईचा फक्त ३०. परवाना ज्या राज्यात लग्न आहे तिथलाच हवा, राहत्या राज्यातला तिथे चालत नाही.

गुरुजींना सही करण्याचा अधिकार आहे का, हेही विचारा. नेवाडा, व्हर्जिनिया, न्यूयॉर्क शहर अशा ठिकाणी त्यांना आधी नोंदणी किंवा परवानगी लागते. दुसऱ्या राज्यातून गुरुजी नेणार असाल तर हे काम महिनाभर आधी संपवा. लग्नानंतर प्रमाणपत्राच्या शिक्क्याच्या तीनचार प्रती मागवा. नाव बदलायला, ग्रीन कार्डाच्या अर्जाला त्या लागतात. भारतात वापरायची असेल तर त्या राज्याकडून अपोस्टील करून घ्या.

होम, अक्षता आणि हॉटेलचा कागद

जागा पसंत पडली की पहिला प्रश्न होमाचा. ‘उघडी ज्योत चालेल का?’ एवढं तोंडी विचारून थांबू नका. लाजाहोमाला खरा अग्नी लागतो, साधारण किती वेळ जळतो, धूर किती होतो, हे सांगा आणि होकार लेखी घ्या. काही ठिकाणी अग्निशमन खात्याची परवानगी लागते, काही ठिकाणी त्यांचा माणूस हजर ठेवावा लागतो. कॅलिफोर्निया-कोलोरॅडोच्या डोंगरात उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने उघड्यावर आग पेटवायला बंदी येऊ शकते. आत होम करता येईल अशी दुसरी जागा तिथे राखून ठेवलेली बरी.

अक्षतांबद्दलही विचारा. गालिच्यावर, हिरवळीवर तांदूळ टाकायला कित्येक जागा नाही म्हणतात किंवा साफसफाईचे वेगळे पैसे लावतात. आणि अक्षतांचे तांदूळ भारतातून आणायला आजीला सांगू नका. खप्रा नावाच्या किडीमुळे भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातला तांदूळ इथे घेत नाहीत. ताजी पानं, फळं, बिया यांचंही तसंच. अंतरपाट, मुंडावळ्या, ताम्हन मात्र आणा आणि शालू-दागिन्यांसह विमानात आपल्याजवळच्या बॅगेत ठेवा. कट्यार तेवढी चेक-इनच्या सामानात टाका, जवळच्या बॅगेत ती चालत नाही.

करारातल्या आकड्यांकडे नीट बघा. माणशी दर सांगितला की त्यावर सेवाशुल्क आणि कर वेगळे येतात. ते मिळवून येणारा शेवटचा आकडा लिहून मागा. खोल्या राखून ठेवल्या की त्यातल्या ठराविक टक्के भरल्याच पाहिजेत अशी अट असते, बऱ्याचदा ८० टक्के. उरलेल्या रिकाम्या खोल्यांचे पैसे तुमच्या गळ्यात पडतात. म्हणून खोल्या थोड्या कमीच धरा, लागल्यास वाढवता येतील असं कलम घाला. बाहेरचा मराठी केटरर आणायला परवानगी आहे का, तेही याच वेळी विचारा. पुरणपोळी, मसालेभात आणि अळूची भाजी हवी असेल तर हा प्रश्न शेवटी ठेवून चालत नाही.

राष्ट्रीय उद्यानात विधी करायचा तर उद्यानाची परवानगी लागते. हवाईच्या सरकारी किनाऱ्यावर व्यावसायिक मंडळींना घेऊन लग्न लावायचं तर राज्याचा परवाना लागतो. ‘किनारा सगळ्यांचाच आहे’ म्हणून कोणी आश्वासन दिलं तर परवान्याचा कागद दाखवायला सांगा.

फोटोग्राफर: एक लग्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा

आता ज्याच्याबद्दल तुम्ही मला सगळ्यात जास्त विचारता, ते. फोटोग्राफरच्या पानावर निवडक तीस फोटो असतात. तेवढे देखणे फोटो कोणाकडेही सापडतील. तुम्ही त्याच्याकडे एकाच लग्नाचा पूर्ण अल्बम मागा, शक्यतो तुमच्यासारख्याच जागेतला. त्यात अंधाऱ्या हॉलमधलं रिसेप्शन बघा. डीजेच्या जांभळ्या दिव्यांत माणसांचे रंग कसे आलेत ते बघा. मागे उजळ खिडकी असताना मांडवातले चेहरे काळे पडलेत का बघा. सावळ्या वर्णाच्या आजोबांचा आणि हळदीने माखलेल्या नवरीचा रंग खरा वाटतोय का, तेही. आणि गर्दीतली साधी माणसं त्याने टिपली आहेत का, की फक्त नवरानवरीच?

मग समोरासमोर किंवा व्हिडिओवर बोला. त्या दिवशी कॅमेरा धरणारा माणूस हाच, की त्याच्या कंपनीतला दुसरा कोणी? तो आजारी पडला तर कोण येणार? कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर साठवतो का? दुसरा फोटोग्राफर सोबत असेल ना? आपल्या लग्नात दुसरा लागतोच. वधू गौरीहरापाशी बसलेली असते तेव्हाच दाराशी वराचं स्वागत चालू असतं.

त्याला आपलं लग्न शिकवा

इथे ‘इंडियन वेडिंग’ केलेले फोटोग्राफर भरपूर आहेत. पण त्यातल्या अनेकांच्या डोक्यात घोड्यावरची बारात, जयमाला आणि फेरे एवढंच चित्र असतं. आपलं लग्न त्या चित्रात बसत नाही. आपला सगळ्यात मोठा क्षण काही सेकंदांचा आहे. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री वाजते, अक्षतांचा वर्षाव होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. ज्याला हे माहीत नाही तो त्या वेळी लेन्स बदलत असतो. आणि तो क्षण परत मागता येत नाही.

म्हणून विधींची यादी इंग्रजीत एक पानभर लिहून त्याला द्या. कोणता विधी, कुठे, कोण असतं, किती वेळ चालतो आणि कोणाच्या चेहऱ्याकडे बघायचं. मामा मुलीला मांडवात आणतो तेव्हा मामाकडेही बघ. कन्यादानाच्या वेळी आईच्या हातांकडे. सप्तपदीला तांदळाच्या सात राशींवर पडणाऱ्या पावलांकडे. कानपिळीला नवरीच्या भावाचं हसू. सुनमुखाला आरशात सासूसुनेचे चेहरे. झाल आणि पाठवणी तर त्याने दुरून, शांतपणे टिपावी. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची आणि गुरुजींची भेट घालून द्या. गुरुजींनी एका खुणेने ‘आता अंतरपाट’ असं सुचवायचं ठरलं तर घोळ होत नाही.

त्याने उभं कुठे राहायचं, तेही ठरवा. मांडवापुढे तीन कॅमेरे उभे राहिले की पहिल्या रांगेतल्या आजीला नातीच्या लग्नात फक्त पाठी दिसतात. बाजूला आणि मागे थांबा, समोरून फक्त ठराविक क्षणी या, असं त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

कुटुंबाच्या एकत्र फोटोंची वेगळी यादी करा. दोन्हीकडची माणसं ओळखणारी एक खमकी आत्या किंवा मावशी त्याच्या मदतीला द्या. हे फोटो जेवणाआधी संपवा. आणि सगळ्यात आधी घ्यायचे ते घरातल्या वडीलधाऱ्यांचे, कारण ते लवकर थकतात.

कागदावर काय हवं

किती तास, किती माणसं, जादा तासाचा दर, प्रवास आणि राहण्याचा खर्च कोणाचा, किती फोटो, किती दिवसांत, रद्द झालं तर काय, हे सगळं लिहिलेलं हवं. अमेरिकेच्या कायद्यात पैसे तुम्ही दिले तरी फोटोंचा कॉपीराइट सहसा फोटोग्राफरचाच राहतो. म्हणून घरच्या वापरासाठी छापण्याचा, वाटण्याचा हक्क करारात लिहून घ्या. तुमचे फोटो त्याने जाहिरातीत वापरू नयेत असं वाटत असेल, तर तेही लिहा. हॉटेलं त्याच्याकडे विम्याचा दाखला मागतात, तो आहे का विचारा. ड्रोन उडवायचा असेल तर त्याच्याकडे हवाई वाहतूक खात्याचं प्रमाणपत्र लागतं आणि राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनला २०१४ पासून बंदी आहे. आणि दिवसभर राबणाऱ्या त्या माणसांना पाहुण्यांसारखंच गरम जेवण वाढा.

फोटो आले की लगेच तीन ठिकाणी साठवा: घरच्या डिस्कवर, इंटरनेटवर आणि भारतात आईवडिलांकडे. एक छापील अल्बम कराच. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या हातात तो पडला पाहिजे.

पैसे कमी पडले तर फुलं कमी करा, दिवे कमी करा, एक दिवस कमी करा. आजीच्या विमानाच्या तिकिटात आणि चांगल्या फोटोग्राफरमध्ये मात्र काटकसर करू नका. आणि आज रात्रीच भारतात फोन लावून ज्यांच्याशिवाय लग्न होऊ नये त्या प्रत्येकाला विचारा, ‘पासपोर्टची मुदत कधी संपते?’ तयारी तिथून सुरू करा.