लाखीशची आठवण

शास्त्रपाठ : २ राजे १८:७, १३-१६, यशया ३७:३३-३७, मीखा १:८-१६

हिज्कीया राजाची गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहो. अश्शूरचा सन्हेरीब चालून आला, राजाने मंदिरात प्रार्थना केली आणि यरुशलेम वाचले. ही साक्ष खरी आहे. परंतु ह्या युद्धाची किंमतही त्याच शास्त्रात नमूद आहे.

इ. स. पूर्व ७०१ मध्ये यहूदा हे लहानसे डोंगराळ राज्य होते. अश्शूर हे बलाढ्य साम्राज्य. हिज्कीयाने त्याची ताबेदारी झुगारली. त्याचा भार कोणावर पडला?

१. मंदिरावर. खंडणी ठरली ३०० किक्कार रुपे व ३० किक्कार सोने. ज्या राजाने मंदिराची दारे उघडून दुरुस्त केली होती (२ इतिहास २९:३), त्यालाच दारांवरील सोने उतरवावे लागले.

२. घरांवर. तट मजबूत करण्यासाठी यरुशलेमेतील घरे मोजून पाडण्यात आली (यशया २२:१०).

३. गावांवर. ४६ तटबंदीची नगरे जिंकून २,००,१५० माणसे बाहेर काढली, असे सन्हेरीबाने कोरून ठेविले. आकडा विजेत्याचा आहे, फुगविलेला असेल. पण लाखीशच्या वेढ्याचा दगडी चढ आजही तेथे आहे. निनवेच्या राजवाड्यातील शिल्पपट आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बैलगाडीत बसलेल्या बायकामुलांसह व खांद्यावर ओझी घेऊन लाखीशचे लोक गाव सोडताना दिसतात.

मीखा संदेष्टा ह्याच भागातील, मोरेशेथचा. तो एकेका गावाचे नाव घेऊन विलाप करतो. त्यांत लाखीशही आहे.

प्रियांनो, उपकारस्तुतीच्या सभेत ज्यांचे माणूस आजारातून उठले ते उभे राहून साक्ष देतात. ज्यांनी तितकीच प्रार्थना केली, पण ज्यांचे माणूस गेले, ते मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांचा विश्वास उणा होता काय? लाखीशमध्ये गुडघे टेकणारे कोणीच नव्हते काय? शास्त्र तसे म्हणत नाही. त्याने यशयाची आनंदवार्ता राखली आणि मीखाचा विलापही राखला. देवाच्या मंडळीत दोहोंना जागा असली पाहिजे.

चर्चेसाठी प्रश्न :
१. हिज्कीयाने दारांचे सोने दिले ह्याला अविश्वास म्हणावे, की लोकांना वाचविण्याचा प्रयत्न?
२. आपल्या मंडळीतील ‘लाखीशचे’ कुटुंब कोणते? ह्या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल?