कंपनी गेली तरी भोंगा वाजला पाहिजे

घराच्या सुरक्षेची यंत्रणा कंपनीने बंद केली की जो तो सांगतो, आता त्याहून भारी घ्या. भारी म्हणजे जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा, माणूस आणि मांजर वेगळं ओळखणारं ॲप, फोनवरून उघडणारं कुलूप. अशा बंद पडलेल्या यंत्रणेपायी पैसा आणि मनःस्ताप दोन्ही सोसलेल्यांपैकी मीही आहे, आणि ही सगळी मोजमापं चुकीची आहेत असं माझं ठाम मत झालं आहे. नवी यंत्रणा जुनीपेक्षा चांगली की नाही, हे एकाच गोष्टीवरून ठरवावं: बनवणाऱ्या कंपनीने उद्या सर्व्हर बंद केले, तर दार उघडल्यावर घरातला भोंगा वाजेल का? ज्या कंपनीने मला हा धडा दिला तिचं नाव इथे घेत नाही. जाहीर झालेल्या प्रकरणांवरूनच माझा मुद्दा पुरेसा सिद्ध होतो.

गूगलच्या नेस्ट सिक्युअर या घराच्या अलार्म यंत्रणेचं पाहा. २०१७च्या अखेरीस ती अमेरिकेत विक्रीला आली. ४९९ डॉलरच्या संचात आकड्यांची बटणं आणि भोंगा असलेली एक गोल चकती, दारा-खिडक्यांना लावायचे दोन सेन्सर आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचे दोन टॅग मिळत. सेन्सर खरोखर चांगला होता. छोटासा पांढरा तुकडा, आत एक सीआर१२३ बॅटरी. दार उघडलं तरी त्याला कळे, खोलीत कोणी हललं तरी कळे, आणि अंधारात शेजारून गेलं की तो पायापुरता उजेडही देई. ऑगस्ट २०२०मध्ये गूगलने एडीटी या जुन्या अलार्म कंपनीत ४५ कोटी डॉलर गुंतवायचं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये नेस्ट सिक्युअरची विक्री थांबली. ८ एप्रिल २०२४ला ती ॲपमधून गेली, इंटरनेटशी तिचा संबंध तुटला. त्या दिवशी कुठलाही सेन्सर बिघडला नव्हता, कुणाच्या दारावरच्या चुंबकाची ओढ कमी झाली नव्हती. सेन्सरमधला थ्रेड हा रेडिओ इतर कंपन्याही वापरतात, पण या सेन्सरला दुसऱ्या कुणाच्या हबशी, म्हणजे घरातली उपकरणं जोडणाऱ्या पेटीशी, बोलायची परवानगी नव्हती. भरपाई म्हणून ग्राहकांना काय देऊ केलं? एडीटीचा ४८५ डॉलरपर्यंतचा संच, नाही तर २०० डॉलर, तेही गूगलच्याच दुकानात खर्च करायचे. याला मी भरपाई म्हणत नाही. नुकसान झालेल्या माणसाला त्याच साखळीत पुन्हा अडकवणं म्हणतो. शिवाय याच चकतीत मायक्रोफोन असल्याचं खरेदीदारांना फेब्रुवारी २०१९मध्ये कळलं, कारण तोवर वैशिष्ट्यांच्या यादीत त्याचा उल्लेखच नव्हता. ज्यांच्या भरवशावर आपण घर सोडून जातो, त्यांनी घरात काय बसवलं हे सांगायला वर्ष-सव्वा वर्ष लावावं, याचा राग आजही जात नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं. वर्षभर आधी कळवलं होतं ना? आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू कधीतरी जुनी होणारच. दुसरा भाग मला मान्य आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये अमेरिकेत एटी अँड टीने थ्री-जी सेवा बंद केली, तेव्हा कितीतरी जुन्या, भिंतीत तारा घातलेल्या अलार्म पॅनेलनाही फटका बसला. पण तिथे बदलावं काय लागलं? बाहेर संदेश पाठवणारा रेडिओचा भाग. पॅनेल तेच, तारा त्याच, दारांवरचे सेन्सर तेच, भोंगाही तोच. एक भाग जुना झाला, एक बदलला. वस्तू जुनी होणं आणि धडधाकट वस्तू दूरवरून निकामी करणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. सूचना वर्षाची दिली काय आणि महिन्याची दिली काय, चालणारी वस्तू कचऱ्यात जातेच. सभ्यपणे दुकान बंद करता येतं, हेही दिसलेलं आहे. लोज या दुकानांच्या साखळीने आपली आयरिस ही स्मार्ट घराची सेवा ३१ मार्च २०१९ला बंद केली, तेव्हा पात्र उपकरणांचे पैसे प्रीपेड कार्डावर परत दिले आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. त्यातली बरीच उपकरणं झिग्बी किंवा झेड-वेव्ह या अनेक कंपन्या वापरत असलेल्या रेडिओ पद्धतींवर चालणारी होती, त्यामुळे लोकांना ती दुसऱ्या हबला जोडता आली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सर्व्हर चालवायला पैसा लागतो, महिन्याचं शुल्क भरणारा ग्राहक सुरक्षित असतो. शुल्क भरायला माझी ना नाही. पण शुल्क म्हणजे हमी, हे साफ चूक. स्मार्ट घराचे हब विकणाऱ्या विंक या कंपनीने मे २०२०मध्ये आठवडाभराची मुदत देऊन सांगितलं की महिन्याला ४ डॉलर ९९ सेंट भरा, नाही तर सेवा बंद. ओरड झाल्यावर मुदत वाढवली. स्मार्ट घराचीच उपकरणं बनवणाऱ्या इन्स्टिऑनने एप्रिल २०२२मध्ये तेवढंही केलं नाही, एक दिवस सर्व्हरच गप्प झाले. पण त्या घरांमध्ये भिंतीवरची बटणं आणि दिवे आपसात बोलत राहिले, आणि ज्यांनी आपला हब होम असिस्टंटसारख्या घरातल्या सॉफ्टवेअरला आधीच जोडला होता, त्यांचं काम चालू राहिलं. ज्यांनी घाबरून हब फॅक्टरी रीसेट केला, ते मात्र पूर्ण अडकले, कारण पुन्हा उभं राहायला हबला तोच मेलेला सर्व्हर हवा होता. म्हणून सेवा अचानक बंद पडली तर पहिले काही दिवस रीसेटच्या बटणाला हात लावू नका.

घरातच चालणारी यंत्रणा तांत्रिक लोकांनाच जमते, असंही म्हणतात. काही अंशी खरं आहे. होम असिस्टंट छोट्या रास्पबेरी पायवर चालतं, पण त्याला अधूनमधून वेळ द्यावा लागतो. ज्यांना तो द्यायचा नाही त्यांनी साधं अलार्म पॅनेल घ्यावं: भोंगा आणि बॅटरी त्याच्याच पेटीत, बाहेर कळवायला फोर-जी, आणि लक्ष ठेवणारी कंपनी बदलता येईल असं. अमेरिकेतलं जुनं घर घेतलं असेल तर आधी दारांच्या चौकटी नीट बघा. अनेक घरांत पूर्वीच्या मालकाने बसवलेले तारांचे सेन्सर रंगाखाली दडलेले असतात आणि तारा कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत येतात. विक्रेता त्यांना कालबाह्य म्हणेल. त्यांना बॅटरी लागत नाही, त्यांचा सर्व्हर बंद होत नाही, आणि त्यांना नव्या पॅनेलशी जोडणारी पट्टी विकत मिळते.

खरेदीनंतर परतीची मुदत संपायच्या आत राउटरची पिन काढा आणि दार उघडून बघा. भोंगा वाजला नाही, तर पेटी परत करा. नवं पूर्ण चालेपर्यंत जुनं उतरवू नका. जुन्या कॅमेऱ्यांचं चित्रण मुदतीआधी उतरवून घ्या, मग खातं पुसा. गावाचा अलार्म परवाना असेल तर त्यावरचं कंपनीचं नाव बदला, नाही तर खोट्या अलार्मचा दंड तुमच्या माथी येतो. पासवर्ड नवे घाला. आणि अद्ययावत सॉफ्टवेअर किती वर्षं देणार, हे लेखी मागा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४मध्ये १८४ उपकरणं तपासली, त्यांपैकी १६३ उपकरणांच्या उत्पादकांनी ही मुदत आपल्या संकेतस्थळावर दिलेलीच नव्हती. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून सुरक्षा अपडेटची किमान मुदत सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे सांगता येत नाही असं नाही.

अमेरिकेत राहून पुण्या-नाशिकला आईवडिलांच्या घरी काही बसवायचं असेल, तर कॅमेरा ओएनव्हीआयएफ हे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडू देणारं मानक मानणारा घ्या आणि चित्रण घरातल्याच डीव्हीआर किंवा एनव्हीआर या रेकॉर्डरवर साठवा. फोनवर दिसणं ही वरची सोय समजा. अमेरिकेतून झेड-वेव्हचे सेन्सर बॅगेत घालून नेऊ नका. झेड-वेव्ह अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, भारतात ८६५च्या. तिथल्या हबला ते दिसणारच नाहीत. झिग्बीची उपकरणं दोन्हीकडे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तीच न्या.